काकांची राजदूत ३५०: आहे तशी ठेवू, नवी करू, की बदलू?

माळावरचा_उदय (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. इथले गाड्यांवरचे धागे चार वर्षं गुपचूप वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा. सांभाळून घ्या.

माझे थोरले काका एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. उसाच्या नोंदी करत रानोमाळ फिरायचं काम. १९८६ साली त्यांनी राजदूत ३५० घेतली. आजोबांना वाटलं होतं पोरगा बुलेट आणेल. आली ही, दोन सायलेन्सरची, सहा गिअरची, आणि पेट्रोल अशी प्यायची की कारखान्याचा प्रवासभत्ता पंधरा तारखेलाच संपायचा. काकांनी २००७ पर्यंत चालवली. नंतर गुडघे गेले आणि गाडी गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली ती तिथेच. काका दोन वर्षांपूर्वी वारले. या दिवाळीत काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली. "भंगारात घालू नको, बाकी तुझं तू बघ," एवढंच म्हणाल्या.

सध्याची स्थिती: गाडीवर गोणपाट आणि त्यावर बोटभर कडब्याची धूळ. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटलेला. टाकीचा लाल रंग दोन्ही बाजूंना काकांच्या गुडघ्यांनी घासून गेलाय, तिथे पत्रा दिसतो. क्लच लिव्हरला सुतळी गुंडाळलेली. आणि डाव्या बाजूला सीटखाली चॅसीला वेल्ड केलेला एक लोखंडी क्लँप. गावच्या लोहाराकडून काकांनी करून घेतलेला, छत्री अडकवायला! किक अर्ध्यात अडते.

दोन मेकॅनिकना दाखवली. एक म्हणतो, "पुढं डिस्क ब्रेक टाकू, चेंबर म्हणजे शर्यतीचा सायलेन्सर बसवू, सिंगल सीट करू, लोक वळून बघतील." दुसरा म्हणतो, "शोरूमसारखी करून देतो. नवा रंग, सगळीकडे क्रोम, तो क्लँप पहिल्यांदा कापून टाकू." दोघांचं बोलणं ऐकून घरी आलो आणि मला वाटलं, दोन्हीकडून काकांची गाडी जाणारच. एकाकडे आवाज करत, एकाकडे चकचकीत होऊन.

तुम्ही काय कराल?

निवांत_गडी

फोटो कुठायत? फोटोशिवाय गाडीचा धागा म्हणजे तर्रीशिवाय मिसळ.

बाकी छत्रीच्या क्लँपला दंडवत. ३५० सीसी ट्विनवर छत्री लावून फिरणारा माणूस बघायला मिळाला असता तर जन्म सार्थकी लागला असता.

जुना_फिटर

उदयराव, पहिली गोष्ट. किक मारू नका. अडकलेल्या किकवर उभे राहणारे फार हुशार लोक बघितले आहेत, नंतर पिस्टनच्या रिंगांचे तुकडे वेचताना.

दोन्ही प्लग काढा. भोकांतून थोडं थोडं डिझेल आणि टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळून सोडा. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूच पुढेमागे हलवा. सुटलं तर सुटलं. नाही सुटलं तर हेड काढून बघू. जबरदस्ती करायची नाही.

दुसरं, आरसीवरचा आणि इंजिनवरचा नंबर जुळतो का ते आजच बघा. रंग, डिस्क, चेंबर या गप्पा त्यानंतर.

तिसरं, एचटी आहे की एलटी? आधीच्या हाय टॉर्कला ३०.५ बीएचपी होते, नंतरच्या लो टॉर्कला २७. १९८६ ची म्हणजे बहुधा एलटी असेल.

टू_टी_फ्रूटी

कोल्हापूरकर हजर! वडगावच्या माळावर यामाहा आरएक्स पळवून मोठा झालोय, त्यामुळे माझं मत आधीच कळलं असेल. ह.घ्या.

बघा भावा, टू-स्ट्रोक ही काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू न्हाई. हिच्यात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात, कॅम नसतो. सगळा खेळ सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांचा, म्हणजे पोर्टचा. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्टची, म्हणजे धूर जायची खिडकी उघडते, मग ट्रान्सफरच्या, म्हणजे पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण (चार्ज) आत यायच्या. एक्झॉस्टची वरची कड जरा घासली की ती लवकर उघडते आणि वरच्या आरपीएमला गाडी सुटते. चेंबरचं पण तसंच. लोकांना वाटतं चेंबर म्हणजे आवाज. न्हाई. धुराबरोबर दाबाची एक लाट पाइपातून जाते. पुढं पाइप रुंद होत जातो तिथून ओढ परत येते आणि ताजा चार्ज सिलिंडरमध्ये खेचला जातो. त्यापुढं पाइप निमुळता होतो, तिथून लाट उलटी येऊन पोर्टमधून बाहेर निसटलेला चार्ज आत ढकलते, बरोबर पोर्ट बंद व्हायच्या आधी. एक फुंकणी, पण मापात केलेली. म्हणून बॅफल, म्हणजे सायलेन्सरातली आवाज दाबणारी नळी, उपटून फिरणाऱ्यांची गाडी बोंबलते जास्त आणि पळते कमी.

हे सगळं ज्या गाडीत अंगभूत आहे, ती मापानं ट्यून करणं हा तिचा अपमान न्हाई. सन्मान आहे. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ज्या ३५० धावल्या त्या काय शोरूम कंडिशनमध्ये धावल्या?

भाग्यश्री_वाई

उदय, तुमचा दुसरा मेकॅनिक धोकादायक आहे असं माझं स्पष्ट मत. पहिला निदान कबूल करतो की तो गाडी बदलतोय.

बाबांची १९६८ ची जावा आहे आमच्याकडे. म्हैसूरच्या आयडियल जावाची, मरून रंगाची. टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोमचा पट्टा आणि त्याच्या कडेने हाताने ओढलेली सोनेरी रेघ. ती रेघ एका जागी किंचित जाड होती. बाबा म्हणायचे, "इथे त्या कारागिराने श्वास घेतला असणार." दहा वर्षांपूर्वी मी हौसेने ती पुण्यात एका रिस्टोअररकडे दिली. नाव घेत नाही. पाच महिन्यांनी गाडी आली ती आरशासारखी. क्रोमआधी पत्रा इतका पॉलिश केला होता की टाकीच्या तळाला पुढच्याच वर्षी भोक पडलं. रेघ होती, पण स्टिकरची. दोन्हीकडे एकसारखी जाड. टाकीवरचे बिल्ले नवे. जुने मागितले तर म्हणे "ते गेले कचऱ्यात, ताई. नव्यासारखे दिले ना तुम्हाला."

बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "छान झाली हो. कुणाची आहे?"

किल्ली तेवढी वाचली. जावाची ती हेडलाइटच्या डोक्यात खुपसायची खिळ्यासारखी किल्ली. ती पर्समध्ये असल्यामुळे वाचली.

निवांत_गडी

"कुणाची आहे?" अरे देवा.

टू_टी_फ्रूटी

ताई, वाईट वाटलं वाचून. पण मला एक सांगा, ओरिजिनल ओरिजिनल म्हणतो ते नक्की काय?

राजदूत ३५०च घ्या. यामाहाची जपानी आरडी ३५० सत्तरच्या दशकातली, ३९ बीएचपी, पुढं डिस्क ब्रेक. तीच गाडी १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं फरीदाबादला बनवायला घेतली तेव्हा ताकद उतरवली, डिस्क काढून ड्रम टाकला. मायलेज पाहिजे, किंमत आवाक्यात पाहिजे, मग दुसरं काय करणार. म्हणजे ही गाडी कारखान्यातूनच मॉडिफाय होऊन बाहेर पडली! आता मी डिस्क परत टाकली तर मी बिघडवली की सुधारली?

भाग्यश्री_वाई

युक्तिवाद चांगला आहे, पण निसटता आहे. जपानी आरडी ही तिची मोठी बहीण. मोठीचे कपडे घातले म्हणून धाकटी मोठी होत नाही. ड्रम ब्रेकची, २७ बीएचपीची राजदूत हीच तर आपल्याकडची गोष्ट आहे. पेट्रोलचा भाव ऐकून गिऱ्हाईक मागे फिरायचं त्या काळातल्या बाजारासाठी एक शर्यतीच्या जातीची गाडी कशी आवरून सावरून आणली, ते त्या ड्रममध्ये आणि त्या २७ आकड्यात दिसतं. ते पुसलं तर उरेल ती जपानी गाडीची नक्कल.

हरी_यॉर्कशायर

लांबून वाचतोय. इकडे इंग्लंडात १९८० च्या वॉटरकूल्ड ३५० एलसीचं जे वेड आहे ते बघून सांगतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सगळ्यांनी त्या कापल्या, घासल्या, रंगवल्या. आता तीच मंडळी मूळ सायलेन्सर शोधत बाजार धुंडाळतात आणि गंजलेल्या जोडीसाठी तोंडाला फेस येईल असे पैसे मोजतात. माझ्या शेजाऱ्याने तर स्वतःच विकलेला पाइप सात वर्षांनी परत विकत घेतला. खूण म्हणून त्यानेच पाडलेला ओरखडा होता त्यावर.

उदय, एअरकूल्ड आरडीचे गॅस्केट, सील, रिंगा इकडे मिळतात, काही लागलं तर सांगा. पण एलसीचे भाग म्हणून कुणी काही गळ्यात मारलं तर घेऊ नका, इंजिन वेगळं आहे.

जुना_फिटर

दोन्ही बाजू वाचल्या. मी चौतीस वर्षं पाना धरला, त्यातली अकरा वर्षं फक्त टू-स्ट्रोक. मला ओरिजिनल आणि मॉडिफाय हे दोन शब्द फारसे कामाचे वाटत नाहीत. मी गिऱ्हाइकाला एकच विचारायचो: हे परत येईल का?

पुढचा फोर्क काढून जपानी आरडीचा डिस्कवाला बसवला, तुमचा ड्रम गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवला. परत येईल. करा खुशाल. ठिणगीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, पॉइंटची प्लेट डब्यात ठेवली. येईल. बारा व्होल्टची वायरिंग पूर्ण नवी ओढली, जुना हार्नेस गुंडाळून ठेवला. येईल. चेंबरसुद्धा, फ्रूटीराव, येईल. तुमचा चेंबर नट खोलला की निघतो.

आता न येणारं. पोर्ट घासलं, येत नाही. तो मिलिमीटर भरून कोण देणार? हेड कापून कॉम्प्रेशन वाढवलं, येत नाही. चॅसीची शेपटी कापून सिंगल सीट केली, येत नाही, आणि परत वेल्ड केली तर मी तरी तिच्यावर बसणार नाही. टाकीचा मूळ रंग खरवडला, येत नाही. क्रोमच्या नावाखाली पत्रा खाल्ला, भाग्यश्रीताईंनी सांगितलंच. बोअर मारला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा केला, येत नाही, पण तो कधी कधी मारावाच लागतो कारण नाहीतर गाडी चालत नाही.

तेव्हा उदयराव, एक लाकडी खोकं आणा. गाडीतून निघेल ती प्रत्येक वस्तू, मोडकी, गंजलेली, तुटका नटसुद्धा, चिठ्ठी बांधून त्यात टाका. कुठून निघाली, कधी निघाली. मेकॅनिकला आधीच बजावा की जुना माल परत पाहिजे. हे एवढं एकदा बोललं की अर्धे रिस्टोअरर आपोआप गळतात.

पेंट धुवा. साधा साबण, मऊ फडकं, मग वॅक्स. गुडघ्याच्या जागी पत्रा उघडा आहे तिथे पातळ थर तेलाचा नाहीतर वॅक्सचा, म्हणजे गंज पुढे जाणार नाही. रंग लावू नका. टाकीचं खरं काम आतून असतं, बाहेरून नाही. आत गंज असेल तर व्हिनेगर भरून ठेवा, रोज उघडून बघा, मग धुवून लगेच वाळवा आणि थोडं टू-टी ऑइल फिरवून ठेवा. ओली सोडली की संध्याकाळपर्यंत परत तांबडी.

ऍड_घाटमाथा

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर असलेल्या उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. चॅसीला हात लावणं, दुसरं इंजिन टाकणं हे सरळ अडचणीत नेणारं.

भाग्यश्रीताईंना उपयोगाचं: जुलै २०२१ पासून व्हिंटेज वाहनांचा वेगळा नियम आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे ५,००० रुपये. मात्र रोज दळण आणायला चालणार नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. तुमची १९६८ ची जावा बसते. उदयची १९८६ ची २०३६ मध्ये बसेल, तोवर नेहमीचं नूतनीकरण.

भाग्यश्री_वाई

आमची बसते का हो? स्टिकरच्या रेघेसकट?

ऍड_घाटमाथा

रेघेबद्दल नियम गप्प आहे. :)

टू_टी_फ्रूटी

फिटरकाका, तुमच्या 'परत येईल का' पुढं आपण हात जोडले. कबुली देतो. माझ्या पहिल्या आरएक्स १०० चं पोर्ट मीच घासलं, ग्राइंडरनं, यूट्यूब बघून. एक्झॉस्ट पोर्ट इतका रुंद केला की रिंग त्यात अडकली. हायवेवर नव्वदीला मागचं चाक लॉक. क्लच दाबला म्हणून आज टाइपतोय. १९८९ ची, म्हणजे जपानी भाग असलेल्या सुरुवातीच्या लॉटनंतरची असली तरी चांगल्या काळातली गाडी. तो सिलिंडर आता माझ्या टेबलावर पेनं ठेवायला आहे.

तरी पण माझा चेंबर मी सोडणार न्हाई. नट खोलला की निघतोय म्हणून सर्टिफिकेट मिळालंय.

माळावरचा_उदय (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. फिटरकाकांच्या सल्ल्याप्रमाणे डिझेल सोडलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चाक पाव फेरा फिरलं. इतका आनंद झाला की मी शेडमध्ये एकटाच ओरडलो आणि म्हैस दचकली.

इंजिन नंबर जुळतो. पहिला टप्पा पार.

प्रश्न: गावातला मुलगा म्हणतो, पेट्रोल टाकून एकदा फोडून, म्हणजे चालू करून बघू. टाकू का? शेडमध्ये तीन महिन्यांपूर्वी स्कूटरसाठी आणलेलं पेट्रोल आहे कॅनमध्ये.

जुना_फिटर

नाही! तीन वेळा नाही.

हल्लीचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. प्रमाणाबाहेर पाणी ओढलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन कॅनच्या तळाशी बसतं. फोर-स्ट्रोकला तेवढ्याने नुसती अडखळ येते. टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी. आपलं वंगण पेट्रोलबरोबर जातं, आणि त्या तळाच्या थरात ऑइल विरघळत नाही. मिक्स करून घातलंत तर कार्ब्युरेटर आधी तोच तळ उचलणार, आणि क्रँकला, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याला, नुसतं पाणी-अल्कोहोल पाजणार. दोन मिनिटांत पिस्टन कोरडा.

ताजं पेट्रोल, तेही लागेल तेवढंच. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. पावसाळ्यात तर नक्कीच. जुन्या रबरी नळ्या, फ्लोटची सुई, रीड (मिश्रण आत घेणारी पातळ झडप) त्याच्या बाजूचे गॅस्केट, सगळं इथेनॉल चघळतं, तेव्हा नळ्या नव्या घाला. जुन्या कुठे?

माळावरचा_उदय (धागाकर्ता)

खोक्यात. चिठ्ठी बांधून. :)

जुना_फिटर

शाबास. आणि फोडण्याआधी ऑटोल्यूबचा पंप बघा. तुमच्या गाडीत ऑइलची वेगळी टाकी आहे, ॲक्सिलरेटरच्या केबलला पंप जोडलेला आहे. अठरा वर्षांत ते ऑइल गुळासारखं झालेलं असणार. नळ्यांतून हवेचे बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत पंपावर विश्वास ठेवू नका, तोवर पेट्रोलमध्येही ऑइल मिसळा, लिटरला ३० मिली. बरेच जण पंपच काढून फेकतात आणि कायम मिक्सवर चालवतात. चालतं. पण पंप ठेवावा.

मुख्य गोष्ट क्रँकचे सील. उजव्या बाजूला क्लच आहे, तिथला सील गेला की गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं, उजवा सायलेन्सर ढगासारखा धूर सोडतो आणि गिअर ऑइल गुपचूप संपतं. लोक धुराला घाबरतात. खरा वैरी डावीकडचा सील. तो कडक झाला की धूरबिर काही नाही, बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, आणि एक दिवस डावा पिस्टन भर वेगात जाम. तुमच्या काकांची गाडी कधी जाम झाली होती का, काकूंना विचारा.

माळावरचा_उदय (धागाकर्ता)

फिटरकाका, तुम्हाला पायाळूच म्हटलं पाहिजे.

काकूंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पेठनाक्याजवळ. शकुच्या लग्नाच्या आधी. आम्ही दोघं होतो. गाडी घसरत गेली, आणि तुझे काका उठून आधी गाडीकडे गेले." शकुताईचं लग्न १९९४ चं.

काल मिरजेच्या एका मेकॅनिकसोबत इंजिन खोललं. (हे तिसरे. जुना माल परत पाहिजे म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, "मग चला, तुमच्याच शेडमध्ये खोलू.") डाव्या पिस्टनच्या डोक्यावर कार्बन खरवडला तर खाली ५० असा शिक्का. उजव्यावर काहीच नाही, स्टँडर्ड. म्हणजे १९९४ मध्ये एकच सिलिंडर अर्धा मिलिमीटर बोअर करून गाडी चालू केली होती! दोन सिलिंडर, दोन मापं, आणि काका तेरा वर्षं तशीच चालवत राहिले. डाव्या पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या अंगावर, ॲल्युमिनियम ओढल्याच्या उभ्या रेघा आहेत, नखाला लागत नाहीत इतक्या पुसट. आणि डावा सील बोटाने दाबला तर बिस्किटासारखा तुटला.

उजव्याचं बोअर मारून दोन्ही सारखे करू का? मेकॅनिक म्हणतात बोअर गेजने मापून बघितलं, दोन्ही अजून मर्यादेत आहेत.

टू_टी_फ्रूटी

आरारारा. वेगळ्या बोअरचे दोन सिलिंडर! आणि आपण इथं ओरिजिनल कशाला म्हणायचं यावर भांडतोय.

जुना_फिटर

मर्यादेत असेल तर उजव्याला हात लावू नका. अर्ध्या मिलिमीटरने काही आभाळ कोसळत नाही, पिस्टनच्या वजनाचा फरक नगण्य आहे. दोन्हीकडे नव्या रिंगा, आपापल्या मापाच्या. गंमत म्हणून सांगतो, काकांच्या त्या काळच्या फिटरनेही तोच विचार केला असणार. खराब तेवढंच कापलं.

सील दोन्ही बदला. दोन सिलिंडरांच्या मधला लॅबिरिंथ सील बदलायचा तर क्रँक दाबून खोलावा लागतो, तेव्हा बेअरिंगचा आवाज नसेल तर तो राहू द्या. टायमिंग दोन्ही सिलिंडरचं स्वतंत्र, दोन पॉइंट आहेत. डायल गेज लावून टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो त्या जागेच्या, आधी २ मिलिमीटर. अंदाजाने नको.

हरी_यॉर्कशायर

रिंगा आणि सीलचा सेट पाठवतो. पुढच्या महिन्यात येणारच आहे, सामानातून आणतो. डाव्यासाठी ५०, उजव्यासाठी स्टँडर्ड. दुकानदार विचारेल, काय सांगू?

निवांत_गडी

सांगा, शकुच्या लग्नाची गोष्ट आहे.

टू_टी_फ्रूटी

उदय, एवढं सगळं ठीक. पण पुढच्या ब्रेकचं सांग. इमोशनपायी जीव देऊ नको. ही गाडी पळते आणि थांबत न्हाई अशी आख्यायिका आहे ती उगाच न्हाई. आरडीचं लांब रूप लोकांनी 'रॅपिड डेथ' केलं होतं. तिथं तरी डिस्क टाक. फिटरकाकांच्या हिशोबानं परत येणारं आहेच की.

जुना_फिटर

टाकू दे, माझी हरकत नाही. पण आधी आहे तो नीट लावून बघा. पुढे ट्विन लीडिंग शू ड्रम आहे, म्हणजे दोन शू, दोन कॅम, आणि त्यांना जोडणारी एक सळई. शंभरातल्या नव्वद गाड्यांत ती सळई चुकीची लावलेली असते. एकच शू टेकतो, दुसरा नुसता सोबतीला. मग लोक म्हणतात ब्रेक लागत नाही.

सळई सोडवा. चाक उचलून फिरवा. एक कॅम हाताने दाबून शू जेमतेम टेकेल तिथे धरा, मग दुसरा तसाच. दोन्ही एकाच क्षणी टेकतात त्या लांबीवर सळई लावा. त्याआधी शू लेथवर ड्रमच्या गोलाईला फिरवून घ्या, नव्या लायनिंगसकट. नवी केबल. एवढं करून दोन बोटांनी पुढचं चाक चिरकलं नाही तर मला लिहा, मीच डिस्कची वकिली करीन. फक्त लांब घाटउतारावर ड्रम तापतो आणि ढिला पडतो, ते खरं. तिथे सावकाश. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नाहीच जवळपास, आणि थ्रॉटल मिटून उतरलात तर ऑइलही कमी जातं. मधेमधे थोडा थ्रॉटल द्यायचा.

माळावरचा_उदय (धागाकर्ता)

जून. आमच्याकडे पहिला पाऊस झाला. अपडेट.

रिंगा, सील बसले. पंप स्वच्छ केला, बुडबुडे निघायला दोन तास लागले. ब्रेक फिटरकाकांनी सांगितला तसा लावला. सळई खरंच चुकीची होती! दुसरा शू तर जवळजवळ नवा कोरा निघाला. म्हणजे काका सगळी वर्षं एका शूवर गाडी थांबवत होते. चाक दोन बोटांनी चिरकतं. डिस्क नको.

रविवारी सकाळी सातव्या किकला फुटली. आवाज वर्णन करत नाही, ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे. पण उजवा सायलेन्सर इतका धूर सोडतोय की शेजारच्या आजी विचारायला आल्या, मच्छरांची फवारणी आहे का म्हणून. उजवा सील नवा आहे. उलटा बसला असेल का? परत खोलू?

जुना_फिटर

गिअर ऑइल किती कमी झालं?

माळावरचा_उदय (धागाकर्ता)

मापलं. काहीच नाही.

जुना_फिटर

मग खोलू नका. सील चांगला आहे. जुन्या सीलमधून ओढलेलं ऑइल सायलेन्सरच्या पोटात साठलेलं आहे, ते जळतंय. गाडी नीट तापू द्या, दोन टाक्या पेट्रोल जाऊ द्या, मग बोला. घाई असेल तर बॅफल काढून जाळून साफ करा, आणि परत आत घाला. परत आत घाला हे फ्रूटीरावांसाठी.

टू_टी_फ्रूटी

ऐकलं, काका.

ऍड_घाटमाथा

पीयूसी धूर संपल्यावर काढा. एप्रिल २००० आधीच्या दुचाकीला मर्यादा सैल आहे, टू-स्ट्रोकला हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम आणि सीओ ४.५ टक्के. जुळवलेली गाडी पास होते.

माळावरचा_उदय (धागाकर्ता)

दोन नाही, दीड टाकीत धूर आटोक्यात आला. आता गार इंजिनला थोडा, मग नाहीसा. पीयूसी झाली. नूतनीकरणाची तारीख मिळाली आहे.

रंग तसाच. गुडघ्याच्या जागी वॅक्स. क्लच लिव्हरची सुतळी मात्र काढावी लागली, कुजली होती. खोक्यात आहे, चिठ्ठीवर 'सुतळी, क्लच' असं लिहून. मेकॅनिकनी वाचलं आणि काही बोलले नाहीत.

भाग्यश्री_वाई

आणि छत्रीचा क्लँप?

माळावरचा_उदय (धागाकर्ता)

आहे तिथेच. पण उपयोग शून्य. तो जुन्या लाकडी दांड्याच्या छत्रीच्या मापाचा आहे, आताची फोल्डिंगची त्यातून खाली घसरते. परवा अशीच घसरून कुठेतरी पडली, मी भिजत घरी आलो. कुणाकडे जाड दांड्याची असेल तर कळवा.